मांजरा-गोदाकाठी शरदाची चाहूल

नांदेड-लातूरकडचा शरद ऋतू थंडी घेऊन येत नाही. सप्टेंबरच्या अखेरीस दुपारचे ऊन श्रावणातल्यापेक्षा जास्त पोळते आणि ऑक्टोबरमध्ये कमाल तापमान ऑगस्टपेक्षा एक-दोन अंशांनी चढलेलेच असते. कमी होत जाते ते हवेतले बाष्प. आकाश, माती, गवत, पिके आणि पाखरे यांच्यात या दिवसांत जे बदल दिसतात, त्यांतले बरेचसे या ओसरत्या ओलाव्याचेच असतात. त्यामुळे गारव्याची वाट पाहणाऱ्याला दिवाळीपर्यंत शरद सापडत नाही. कोरडेपणावर लक्ष ठेवणाऱ्याला तो भाद्रपदातच भेटतो.

पंचांगात आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे महिने. पण अधिक मासामुळे चांद्र महिने इंग्रजी तारखांच्या हिशेबात मागेपुढे सरकतात. २०२० मध्ये अधिक आश्विन आला आणि दसरा २५ ऑक्टोबरला पडला. २०२५ मध्ये तोच २ ऑक्टोबरला होता. तीन आठवड्यांहून जास्त फरक असलेल्या सणावर पेरणीचा हिशेब कसा बसवणार? म्हणून शेतकरी सूर्यनक्षत्रे मोजतो, कारण ती दरवर्षी जवळपास त्याच तारखांना लागतात. ऑगस्टच्या शेवटी पूर्वा, सप्टेंबरच्या मध्याला उत्तरा, २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त, त्यानंतर चित्रा आणि स्वाती. उत्तरा आणि हस्त या दोन नक्षत्रांत ऋतू कूस बदलतो.

हवामान खात्याचे निकष वेगळे आहेत. देशाच्या वायव्य कोपऱ्यात सलग ५ दिवस पाऊस थांबला, हवेच्या खालच्या थरात वाऱ्यांची चक्राकार दिशा उलटली आणि बाष्प लक्षणीय घटले, की मान्सून परतू लागल्याचे जाहीर होते. पूर्वी या परतीची सरासरी तारीख १ सप्टेंबर होती. २०२० मध्ये नव्या नोंदींच्या आधारे ती १७ सप्टेंबर करण्यात आली. राजस्थानातून निघालेला हा माघारीचा प्रवास मराठवाड्यात पोचायला साधारणपणे ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा उजाडतो. शिवारातल्या खुणा मात्र या घोषणेच्या बऱ्याच आधी दिसू लागतात.

पहिली खूण ढगांची. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ करड्या थराने झाकलेले असते आणि दिवसभर झड लागते. सप्टेंबरच्या मध्यानंतर सकाळ लख्ख उजाडते, दुपारी फुगीर ढग उंच चढू लागतात आणि चार-पाचच्या सुमारास विजांसह सर कोसळते. नैर्ऋत्येचा जोर कमी झालेला असतो, पण जमिनीलगत बाष्प उरलेले असते. उन्हाने तापलेली हवा ते वर उचलून नेते. असा पाऊस शिवार वाटून घेतो. एका बांधाअलीकडे सरीत पाणी उभे राहते, पलीकडचा गडी कोरड्या अंगाने घरी जातो. विजांचा धोकाही याच दिवसांत वाढतो आणि काढणीची कामेही नेमकी तेव्हाच उघड्या रानात चाललेली असतात.

वारा फिरल्याचे निशाणांवर कळते. नांदेडच्या हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यातले निशाण साहिब पावसाळाभर बहुतेक वेळ पूर्वेकडे फडकते. ऑक्टोबर लागला की ते कधी लोंबते, कधी दिशा बदलते, आणि पुढे वारा ईशान्येचा झाला की नैर्ऋत्येकडे झुकू लागते. गावातल्या देवळाच्या शिखरावरचा ध्वजही हेच सांगतो. पावसाने धूळ धुऊन काढलेली, त्यात बाष्पही कमी झालेले, त्यामुळे या काळात बालाघाटच्या रांगा आहेत त्यापेक्षा जवळ भासतात आणि आभाळाचा निळा रंग गडद होतो.

दिवस लहान होतो, पण तो दोन्ही टोकांनी सारखा लहान होत नाही. लातूरला ऑगस्टच्या मध्याला सूर्य सात वाजायला सात-आठ मिनिटे असताना मावळतो, तर ऑक्टोबरच्या मध्याला सहाच्या सुमारास. म्हणजे दोन महिन्यांत संध्याकाळ सुमारे ५० मिनिटांनी अलीकडे येते. सूर्योदय मात्र तेवढ्याच काळात जेमतेम १५ मिनिटांनी लांबतो. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे, त्यामुळे घड्याळाच्या मानाने सूर्याची माध्यान्हच या काळात अलीकडे सरकते. दिवस आखडण्यात ही सरक मिसळली की सगळा भार संध्याकाळवर पडतो. पहाटे उठणाऱ्याला फारसे काही जाणवत नाही. शाळेतून खेळून परतणाऱ्या पोराला आणि रानातून येणाऱ्या बाईला अचानक अंधार गाठतो. पहाटे उठणाऱ्यासाठी दुसरी खूण आहे, ती म्हणजे अगस्त्य. सप्टेंबरात ढग नसले तर पाचच्या सुमारास हा ठळक तारा दक्षिण-आग्नेयेला क्षितिजापासून थोडा वर दिसतो. अगस्त्य उगवला की पाणी निवळते, असा परंपरेचा समज आहे. ताऱ्याचा पाण्याशी संबंध नाही, पण कालगणना म्हणून तो समज चुकीचाही नाही.

कारण पाणी खरोखर निवळते. गोदावरी, मांजरा, मन्याड, तेरणा यांचे पावसाळ्यातले गढूळ लोंढे ओसरतात, गाळ तळाशी बसतो आणि ओढ्यांतले गोटे दिसू लागतात. किनवट तालुक्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा सलग पडद्याऐवजी सुट्या धारांनी पडू लागतो. लातूरकरांची नजर मात्र पाण्याच्या रंगापेक्षा धरणाच्या पातळीवर असते. एप्रिल २०१६ पासून ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात सप्टेंबरचा अर्थ मांजरा धरणात किती साठा झाला याच्याशी बांधलेला आहे. त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटच्या टप्प्यातल्या पावसाने हे धरण भरले. या पर्जन्यछायेच्या भागात परतीचा पाऊस वर्षाचा जमाखर्च बदलू शकतो.

रात्री आभाळ मोकळे राहू लागले की जमिनीची उष्णता निसटून जाते आणि गवतावर दव पडते. दिवसाचे तापमान चढते, रात्रीचे उतरते. या दोहोंतले वाढते अंतर ही शरदाची सर्वांत खात्रीची मोजता येण्याजोगी खूण. दवामुळेच सकाळी बांधावरच्या बोरी-बाभळींमध्ये कोळ्यांची जाळी एकदम दिसू लागतात. ती आधीही असतात, पण नजरेत भरत नाहीत. काळ्या मातीत बदल उलट्या दिशेने होतो. ओली असताना फुगणारी ही माती पाणी गेले की आकसते आणि आधी केसासारख्या, मग बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. भेगा पडण्याआधी, चिखल संपल्यावर आणि ओल टिकून असताना जी अवस्था येते, ती वापसा. रब्बीची पेरणी त्या थोड्या दिवसांवर अवलंबून असते.

झाडांकडे पाहून शरद ओळखण्याची युरोप-अमेरिकेची रीत इथे कामाला येत नाही. माहूर-किनवटच्या जंगलातला साग, धावडा, पळस ऑक्टोबरमध्ये हिरवाच असतो. त्यांची पाने माघ-फाल्गुनाच्या कोरड्या दिवसांत झडतात आणि कडुलिंबाचेही तसेच. शरद दिसतो तो फुलांत आणि गवतात. रस्त्याकडेला तरवड पिवळाधमक होतो, कारळाची शेते फुलतात आणि घटस्थापनेच्या माळांसाठी दोन्हींची फुले खुडली जातात. नदीकाठच्या उंच गवताला पांढरे तुरे येतात. माळरानावरची कुसळी पिकते आणि धोतराला, पायजम्याला, मेंढ्यांच्या लोकरीला टोचत बी पसरवते. बालाघाटच्या उतारांवर सीताफळाचे डोळे उघडू लागतात. शहरात बुचाच्या झाडाखाली पांढरी फुले पडलेली दिसतात. प्राजक्ताचा सडा त्याच्याही आधी सुरू झालेला असतो.

तरीही या दोन जिल्ह्यांत पिवळ्या रंगाची आणि पानगळीची लाट येतेच, पण ती झाडांवर येत नाही, सोयाबीनवर येते. जून-जुलैत पेरलेले हे पीक ९० ते १०५ दिवसांत पक्व होते. म्हणजे सप्टेंबरच्या उत्तरार्धात मैलोन्मैल हिरवी असलेली शिवारे आधी पोपटी, मग पिवळी पडतात आणि आठ-दहा दिवसांत पाने गळून शेंगांनी लगडलेल्या नुसत्या काड्या उभ्या राहतात. यामागची यंत्रणा मोठी रंजक आहे. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांना लागणारा नत्र मुळांवरच्या गाठींतून पुरेसा मिळत नाही. शेवटच्या टप्प्यात रोप स्वतःच्या पानांतला नत्र काढून दाण्यांकडे पाठवते. पानातले हरितद्रव्य मोडते, त्याखाली झाकलेला पिवळा रंग उघडा पडतो आणि रिकामे झालेले पान सुटते.

हे कधी घडायचे, ते ठरवण्यात तापमानाइतकाच रात्रीच्या लांबीचा हात असतो. १९२० मध्ये अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी तंबाखू आणि सोयाबीनवर प्रयोग करून दाखवले, की वनस्पतींचे फुलणे दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. पुढे कळले की वनस्पती मोजते ती अखंड अंधाराची वेळ. सोयाबीन, तूर आणि शेवंती या तिन्हींचे फुलणे लांबत्या रात्रींशी बांधलेले आहे. संध्याकाळ अलीकडे आल्याची माणसाला उशिरा लागणारी जाणीव पिकाला कितीतरी आधी झालेली असते.

मात्र प्रत्येक पिवळे पान शरदाचे नसते. ऑगस्टमध्येच मधूनमधून हिरवे-पिवळे ठिपके दिसले तर तो पांढऱ्या माशीने पसरवलेला पिवळा मोझॅक असू शकतो. सखल भागात पाणी साचून मुळे गुदमरली तरी कोवळी पाने पिवळी पडतात. पक्वतेचा पिवळेपणा शेतभर एकसारखा येतो आणि सोबत शेंगा तपकिरी होतात. जाणता शेतकरी शेंग कानाजवळ हलवून दाण्याचा आवाज ऐकतो, मग मजुरांशी गुत्त्याचा भाव ठरवतो. लातूरच्या आडत बाजारात नव्या मालाची आवक सुरू झाली की तिथल्या भावाकडे राज्याबाहेरचे व्यापारीही लक्ष देतात. सोयाबीनचा हा देखावा तसा अलीकडचा, गेल्या तीन-चार दशकांतला. त्याआधी याच रानांत ज्वारी, मूग, उडीद, कापूस, भुईमूग असे आणि शरदाची खूण म्हणजे खरीप ज्वारीची भरलेली कणसे आणि त्यांवर तुटून पडणारी पाखरे. पीक बदलले की ऋतूचा चेहराही बदलतो.

पाखरांची ये-जा ही दोन्ही बाजूंनी वाचायची खूण आहे. जूनमध्ये आलेला चातक सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये परततो. सातभाईंच्या घरट्यात वाढलेली त्याची पिल्ले काही दिवस मागे रेंगाळतात आणि मग कोणी वाट न दाखवता निघून जातात. सुगरणीची घरटी विहिरीवरच्या बाभळींना रिकामी लोंबत राहतात. उलट दिशेने येतात ते धोबी पक्षी. हिमालयापलीकडून आलेला, शेपटी सतत खाली-वर करणारा करडा धोबी सप्टेंबरमध्येच ओढ्याकाठी दिसतो. भोरड्यांचे थवे मध्य आशियातून येऊन संध्याकाळी एखाद्या झाडावर कल्ला करतात. त्यानंतर येतात भोवत्या जातीचे शिकारी पक्षी. गवतावरून आणि काढणीला आलेल्या पिकांवरून ते अगदी खालून, पंख किंचित वर उचलून तरंगत जातात. पावसाळ्याअखेर नाकतोडे भरपूर झालेले असतात, त्यामुळे त्यांच्या येण्याची वेळ अचूक ठरते.

विष्णुपुरीच्या जलाशयावर, गावतळ्यांवर आणि शाळेच्या मैदानावरही या दिवसांत चतुरांचे थवे घिरट्या घालतात. त्यांतला पिवळसर भटक्या चतुर पावसाच्या डबक्यांत काही आठवड्यांत वाढतो आणि डबकी आटू लागली की वाऱ्याबरोबर निघतो. मालदीवमध्ये ऑक्टोबरपासून त्यांचे मोठे थवे उतरतात. चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले, की हे चतुर भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. मराठवाड्यातल्या डबक्यातला किडा ईशान्य वाऱ्यावर इतका लांब जाऊ शकतो, हे अजूनही चकित करणारे आहे.

या सगळ्या खुणा जुळून आल्या तरी पाऊस संपला असे गृहीत धरणे महाग पडते. बंगालच्या उपसागरातली वादळी प्रणाली तेलंगणावरून पश्चिमेकडे सरकली तर तिच्या वाटेत नांदेड-लातूर येतात. ऑक्टोबर २०२० मध्ये काकीनाडाजवळ किनारा ओलांडलेली अशीच एक प्रणाली हैदराबादला बुडवून पुढे आली. तोवर सोयाबीन कापून बनीम लावून ठेवलेले होते; ते भिजले आणि शेंगांतच मोड फुटले. सप्टेंबर २०२५ मधल्या अतिवृष्टीने तर काढणीआधीच उभी पिके पाण्याखाली नेली. अशा वर्षी तरवड फुललेला असतो, धोबी आलेला असतो, आणि तरीही आभाळ फुटते. पाखरू किंवा फूल दिवसाच्या लांबीवर चालते. एखाद्या आठवड्याचा पाऊस त्यांना आधी कळत नाही. काढलेला माल ताडपत्रीखाली ठेवण्याची सवय याच अनुभवातून आली आहे.

पाऊस खरोखर थांबल्यावर पेरणीची घाई सुरू होते. रब्बी ज्वारीची योग्य वेळ १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर अशी धरली जाते, त्यामुळे मूग-उडदाचे रान तिच्यासाठी आधी तयार होते आणि सोयाबीनच्या मोकळ्या रानात हरभरा पडतो. तूर तोवर फुलावर आलेली असते. दिवाळी उलटली की पहाटे नदीखोऱ्यात धुई उतरू लागते. तुरीच्या फुलांना ती चांगली नाही म्हणून शेतकरी धास्तावतो. किमान तापमान १५ अंशांच्या आसपास आले, शेकोट्या पेटल्या आणि ज्वारी गुडघ्याला लागली, की शरद सरून हेमंत सुरू झालेला असतो.