नाव घातलेली भांडी

लग्नसराईत मलकापूरच्या बाजारात भांड्यांची खरेदी उरकली, तरी गिऱ्हाईक लगेच उठत नाही. नाव घालायचं राहिलेलं असतं. चिठ्ठीवर मजकूर लिहून दिला जातो, काना-मात्रा पुन्हा तपासली जाते आणि मग यंत्र घरघरू लागतं. 'चि. सौ. कां.'च्या पुढे मुलीचं नाव, 'हिस मामाकडून सप्रेम भेट', खाली तारीख.

यंत्र म्हणजे जाडजूड पेनसारखी मूठ. आत तारेचं वेटोळं, टोकाला कठीण सुई. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते आणि दर आवर्तनात सुई दोनदा आपटते, म्हणजे सेकंदाला १०० ठोके. अक्षराची सलग दिसणारी रेघ ही खरं तर बारीक खड्ड्यांची रांग. वीज नव्हती तेव्हा हेच काम छन्नी-हातोडीनं व्हायचं. जुन्या पितळी परातीवरचे ठिपके बोटाला वेगवेगळे लागतात, ते त्यामुळेच.

भुसावळकडून येणारी रेल्वे खानदेश मागे टाकून वऱ्हाडात शिरते ती इथंच. त्यामुळे इथल्या लग्नाला सोयरे दोन्ही मुलखांतले. आंदण द्यायचं ते ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे: मामाचा गुंड, आत्याची परात, काकाचं कोपर, मैत्रिणींनी वर्गणी काढून घेतलेला डबा. एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. फडताळात ही भांडी शेजारी शेजारी बसतात तेव्हा दिसतो तो सोयऱ्यांचा गोतावळा, आणि कुणी हात आखडता घेतला तेही. ते तर कोरून ठेवलेलंच असतं!

एकसारखी डझनभर ताटं-वाट्या-पेले मात्र चारचौघांत मिरवण्यासाठी. रुखवतात ती मांडायची, एरवी पाहुणे आले की काढायची. घरची माणसं रोज आपापल्या ठरलेल्या ताटात जेवतात. डझन घेताना दुकानात चुंबक लावून पाहणारे हुशार असतात, पण त्यांना एक सांगायला हवं. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलचं चांगलं स्टील चुंबकाला चिकटत नाही. पण निकेल कमी करून मँगनीज वाढवलेलं स्वस्त स्टीलही सहसा चिकटत नाही. चुंबकाच्या परीक्षेत नापास होतं ते मुख्यतः बिननिकेलचं.

स्टीलची ताटं येण्याआधी पंगतीत सगळ्यांपुढे एकसारखं काय असायचं, तर पळसाची पत्रावळ. पानं सारखी, पंगती मात्र जातीजातींच्या वेगळ्या. शेतावर राबणाऱ्याचा चहाचा कप वळचणीला निराळा ठेवणारी घरं महाराष्ट्रात गावोगाव होती. एकसारख्या भांड्यांचं कौतुक करताना हा न जुळणारा कप विसरता येत नाही. तो चुकून वेगळा राहिलेला नव्हता, मुद्दाम ठेवलेला होता. त्यावर नाव घालायची गरज नव्हती. कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक असे.

आता आंदणात पांढऱ्या ओपल काचेचे डिनर सेट येतात. हलके, देखणे, काठावर फुलांची नक्षी, सहा जणांचं सगळं एका खोक्यात. पण ही काच तापवून झटकन थंड केलेली, ताणानं मजबूत झालेली असते. सुईचे ठोके तिला सोसणार नाहीत. फुटली तर तिचे तुकडे तुकडे होतात. म्हणून देणाऱ्याचं नाव खोक्यावरच्या कागदावर राहतं आणि कागद पहिल्या दिवाळीच्या आवराआवरीत जातो. सेटातलं एक ताट फुटलं की उरलेली पाच पाहुण्यांसमोर काढायला बाई संकोचते. स्टीलचं ताट हरवलं तर बाजारातून दुसरं आणून त्यात मिसळता येतं.

दोघे भाऊ वेगळे झाले की नावाच्या आणि बिननावाच्या भांड्यांतला हा फरक फार स्पष्ट दिसतो. नाव घातलेल्या भांड्यांवर वाद होत नाही. जिच्या माहेरचं नाव, तिच्या चुलीकडे ते भांडं जातं. आंघोळीचं जुनं गंगाळ कुणालाच नको असेल तर मोडीत काढून पैसे वाटून घेतात. वजन करणारा अक्षरांचं काही कापून घेत नाही. अडतं ते डिनर सेटपाशी. सहाचे तीन-तीन करायला दोन्ही जावा राजी नसतात.