ई-मेलची मुद्रा : खरी कीं खोटी?

विशाखदत्ताचें ‘मुद्राराक्षस’ नाटक आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचें असेल. अमात्य राक्षसाची अंगठी चाणक्याच्या हातीं लागते. चाणक्य एक पत्र राक्षसाचाच मित्र शकटदास याच्या अक्षरांत लिहवून घेतो आणि त्यावर त्या अंगठीची मुद्रा उठवतो. अक्षर ओळखीचें, मुद्रा अस्सल. परंतु पत्र राक्षसाचें नव्हेच. तें मलयकेतूच्या पुढें येतांच त्याचा राक्षसावरील विश्वास उडतो आणि एक सबंध पक्ष आंतूनच ढासळतो. पत्र खरोखर कोणाकडून आलें, आणि वाटेंत तें कोणीं बदललें तर नाहीं ना, या दोन प्रश्नांवर किती कांहीं अवलंबून असतें, हें यावरून ध्यानांत येईल.

आज हेच प्रश्न आपल्या घरोघरीं निराळ्या वेषांत आले आहेत. बँकेचा खातेउतारा, विम्याच्या हप्त्याची सूचना, परदेशीं शिकणाऱ्या मुलाच्या विद्यापीठाचें फीविषयींचें पत्र, हें सारें ई-मेलनें येतें. “आमचें खातें बदललें आहे, यापुढें पैसे या नव्या खात्यांत भरावे,” असें एक खोटें पत्र वेळ साधून आलें, तर जन्मभराची शिल्लक एका दुपारीं नाहींशी होऊं शकते. म्हणून या पत्रांची पारख कशी होते, हें प्रत्येक सुशिक्षित कुटुंबानें थोडेंफार जाणून घ्यावें, असें आम्हांस वाटतें.

ई-मेल वाहून नेण्याचे जे नियम मुळांत आजहि चालू आहेत, ते जॉन पोस्टेल यांनीं १९८२ सालीं प्रसिद्ध केले. त्या काळीं हें जाळें मुख्यत्वें संशोधक व विद्यापीठें यांच्यापुरतेंच होतें. सर्व मंडळी एकमेकांच्या विश्वासांतली. तेव्हां पाठविणाऱ्याचें नांव पडताळून पाहण्याची तजवीज त्या नियमांत ठेवण्यांत आली नाहीं. टपालाच्या पत्राप्रमाणें ई-मेललाहि एक लिफाफा असतो आणि आंत पत्र असतें. लिफाफ्यावरील प्रेषकाचा पत्ता यंत्रें आपसांत वाचतात. आपल्या डोळ्यांस दिसतो तो आंतल्या पत्राच्या मथळ्यावरील प्रेषक. या दोन्ही ठिकाणीं लिहिणारा वाटेल तें नांव घालूं शकतो. पोस्टाच्या पेटींत टाकलेल्या पाकिटावर कोणीहि कोणाचेंहि नांव लिहावें, तसाच हा प्रकार.

ही उणीव भरून काढण्यासाठीं पुढें तीन उपाय योजण्यांत आले.

पहिल्याचें संक्षिप्त नांव एस्.पी.एफ्. त्याचे नियम २००६ सालीं प्रसिद्ध झाले. ई-मेलच्या पत्त्यांत ‘ॲट’ या चिन्हापुढें जें नांव असतें, त्यास डोमेन म्हणतात. डोमेनचा मालक इंटरनेटच्या जाहीर नामावलींत एक यादी लावून ठेवतो : “आमच्या नांवानें पत्रें पाठविण्याचा अधिकार एवढ्याच यंत्रांस आहे.” पत्र घेणारें यंत्र ती यादी पाहतें आणि दारांत आलेला जासूद तींत आहे कीं नाहीं हें ठरवितें. उपाय सोपा खरा, पण त्यांत दोन उणिवा आहेत. एक तर तो लिफाफ्यावरील नांव तपासतो, आपणांस दिसणारें नव्हे. दुसरें असें कीं, एखाद्यानें आपलीं पत्रें एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर आपोआप वळविलीं असलीं, तर मधल्या यंत्राचें नांव यादींत नसल्यामुळें खरें पत्रहि संशयास्पद ठरतें.

दुसरा उपाय डीकिम. याहू व सिस्को या दोन कंपन्यांच्या स्वतंत्र योजना एकत्र करून तो सिद्ध झाला आणि २००७ सालीं त्याचे नियम प्रसिद्ध झाले. ही खरी मुद्रा होय. पाठविणाऱ्या यंत्राजवळ एक गुप्त किल्ली असते. तिची जोडीदार प्रकट किल्ली जाहीर नामावलींत लावलेली असते. पत्राच्या मजकुराचें गणितानें एक ठराविक लांबीचें सार काढतात, आणि तें सार व मथळ्यांतील मुख्य ओळी यांवर गुप्त किल्लीनें मुद्रा उठवितात. ती मुद्रा प्रकट किल्लीनें कोणासहि पडताळतां येते, परंतु प्रकट किल्लीच्या साहाय्यानें नवी मुद्रा मात्र करतां येत नाहीं. मजकुरांतील एक अक्षर पालटलें तरी सार अगदीं निराळें होतें व मुद्रा जुळत नाहीं. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांच्या प्रसंगीं ‘धरावें’ या शब्दांतील ‘ध’चा ‘मा’ झाल्याची जी कथा परंपरेनें सांगतात, तसला फेरफार येथें तत्काळ उघडकीस येईल.

आपल्या जुन्या दफ्तरांत मजकूर संपतांच मोर्तब करीत, तें याचसाठीं कीं त्याखालीं कोणीं एक ओळहि वाढवूं नये. डीकिममध्यें मजकुराच्या अमुक लांबीपर्यंतच मुद्रा लागू करण्याची एक ऐच्छिक सवलत आहे. ती वापरली, तर त्या लांबीपुढें परका मजकूर जोडूनहि मुद्रा शाबूत राहते. म्हणून जाणते लोक ती वापरूं नये असें सांगतात. मोर्तबाचें महत्त्व ओळखणाऱ्या आपल्या कारकुनांस हें सांगावें लागलें नसतें!

तिसरा उपाय डीमार्क. तो २०१२ सालीं पुढें आला. वरील दोहोंपैकीं निदान एका कसोटींत उतरलेलें डोमेन आणि आपणांस दिसणाऱ्या प्रेषकाचें डोमेन यांचा मेळ असलाच पाहिजे, असा त्याचा दंडक आहे. मेळ नसल्यास काय करावें हेंहि मालकच सांगून ठेवतो : कांहीं करूं नये, संशयितांत टाकावें, किंवा दारांतूनच परत लावावें. शिवाय आपल्या नांवानें कोण काय पाठवीत आहे याचे अहवाल त्यास मिळतात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं मोठ्या प्रमाणावर पत्रें पाठविणाऱ्यांस हे तिन्ही उपाय आवश्यक केले; गूगलनें त्यासाठीं दिवसाला सुमारें ५००० पत्रांची मर्यादा धरली.

तथापि मुद्रा म्हणजे सत्य नव्हे. मुद्रा पाठविणाऱ्याचें डोमेन सांगते, त्याचा हेतु सांगत नाहीं. आणि ती मजकूर झांकूनहि ठेवीत नाहीं. किल्ली कच्ची असल्यास मुद्राच खोटी करतां येते. २०१२ सालीं अमेरिकेंतील एका गणितज्ञास गूगलची किल्ली अवघी ५१२ बिटांची असल्याचें आढळलें. ती फोडून त्यानें गूगलच्या एका संस्थापकाच्या नांवें दुसऱ्या संस्थापकास पत्र पाठविलें. पुढें किल्ल्या बळकट करण्यांत आल्या. परंतु खुद्द मालकाचें खातेंच चोरट्याच्या हातीं गेलें, तर राक्षसाच्या अंगठीचीच गत होते : मुद्रा अस्सल, पत्र खोटें. तसेंच खऱ्या नांवांत एखादें अक्षर फिरवून चोरटा स्वतःचें डोमेन घेतो व त्यावर बिनचूक मुद्रा लावतो. या लबाडीस आळा बसावा म्हणून रिझर्व्ह बँकेनें २०२५ सालीं सर्व बँकांस आपलीं संकेतस्थळें ३१ ऑक्टोबरपर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नांवाखालीं आणण्यास सांगितलें.

तेव्हां वाचकांस आमचें सांगणें इतकेंच. प्रेषकाचें सुंदर नांव पाहूं नये; त्यामागचा पूर्ण पत्ता अक्षर अक्षर लावून वाचावा. जीमेलमध्यें संगणकावर पत्राचें मूळ रूप पाहण्याची सोय आहे; तेथें या तिन्ही कसोट्यांचा निकाल स्पष्ट लिहिलेला असतो. घरांतील मुलांकडून तो एकदां पाहून घ्यावा; त्यांत वडीलधाऱ्यांस कमीपणा नाहीं. आणि पत्रांत पैशाची, खातेबदलाची किंवा घाईची भाषा असली, तर सर्व मुद्रा जुळत असल्या तरी पासबुकावरील किंवा आपल्या जुन्या टिपणांतील क्रमांकावर स्वतः विचारणा केल्यावांचून एक पैसाहि देऊं नये. इतकें करूनहि फसगत झालीच, तर लाजेनें गप्प न बसतां १९३० या सरकारी दूरध्वनि-क्रमांकावर ताबडतोब कळवावें. रक्कम पुढें सरकण्यापूर्वीं ती थोपविण्याची संधि पहिल्या कांहीं तासांतच अधिक असते.