तिखट जरा जास्त!

संध्याकाळची लोणावळा लोकल कामशेतला थांबते, डबे निम्मे रिकामे होतात, आणि बाजारातल्या चायनीजच्या गाड्यांवर बर्नरचा घुर्र आवाज सुरू होतो. लाल कापडावर ड्रॅगन, बाजूला प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर व्हिनेगरमधल्या मिरच्या. मुंबईचा पर्यटक इथे क्वचितच फिरकतो. एक्सप्रेस वेवरून तो कामशेतच्या बोगद्यांतून परस्पर पुढे जातो आणि त्याची भूक लोणावळ्यात वडापाव-चिक्कीवर भागते. गाडीवर उभी असतात ती कॉलेजची पोरं, कंपनीतली शिफ्ट संपवून लोकलने परतलेले कामगार, नाणे मावळातून बाजाराला आलेली माणसं. ऑर्डर बहुतेकांची एकच: ‘हाफ शेजवान नूडल्स. तिखट जरा जास्त!’

हा मुलूख भाताचा. इंद्रायणी तांदूळ तयार झाला तो इथून दोनच स्टेशनं पलीकडच्या वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात, १९८७ साली. पण इंद्रायणीचा भात मऊ, चिकट. तो पिठल्याबरोबर खावा. फ्राइड राइसला सुटासुटा दाणा लागतो, तिथे इंद्रायणीचा गोळा होतो. त्यामुळे भाताच्या गावातही गाडीवर बाहेरचा तांदूळ येतो, नाहीतर सरळ नूडल्स.

या नूडल्स चीनहून थेट आल्या नाहीत. कोलकात्यातल्या टांग्रा भागात हक्का चिनी लोकांनी चामड्याचे कारखाने काढले, पुढे खाणावळी थाटल्या आणि गिऱ्हाइकाच्या जिभेसाठी मिरची-लसूण सढळ हाताने घातली. त्याच कोलकात्यात जन्मलेले नेल्सन वँग मुंबईत आले. १९७५च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची फोडणीला टाकून त्यात सोया सॉस ओतला आणि चिकन मंचुरियन जन्माला आलं. सत्तरच्याच दशकात ताजमहाल हॉटेलने मुंबईच्या श्रीमंतांना सिचुआन, म्हणजेच शेजवान, प्रांताच्या तिखट जेवणाची गोडी लावली. पंचतारांकित हॉटेलातलं हे शेजवान हातगाडीवर उतरलं तेव्हा त्यातलं सिचुआन गळून पडलं होतं आणि लसणीची चटणी उरली होती. मराठी माणसाला ते लगेच आवडलं यात नवल नाही. भिजवलेली लाल मिरची, लसूण, आलं आणि भरपूर तेल. व्हिनेगर वगळलं तर त्यात आपल्याला अनोळखी असं काय आहे?

गळून पडलं ते मुख्यतः सिचुआनचं मिरं. ते जिभेला भाजत नाही, झिणझिण्या आणतं. ओठ थरथरल्यासारखे वाटतात. गंमत म्हणजे त्याचा सख्खा भाऊ आपल्या सह्याद्रीत वाढतो. कोकणात बांगड्याच्या आमटीत पडणारं तिरफळ म्हणजेच हा भाऊ. तिरफळ घातलेल्या नूडल्स एखाद्या गाडीवाल्याने करून पाहायलाच हव्यात, असं माझं प्रामाणिक मत आहे.

घरच्या नूडल्सना गाडीवरची सर का येत नाही? कारण जाळ. नूडल्स दुपारीच जरा कच्च्या उकडून, गार पाण्यातून काढून, तेल चोळून ठेवलेल्या असतात. ऑर्डर आली की धूर निघेपर्यंत तापलेल्या कढईत कोबी, ढोबळी मिरची, मग नूडल्स, मग सॉस. दोन-तीन मिनिटांत खेळ खलास. एवढ्या आचेवर भाजीचं पाणी सुटायच्या आत उडून जातं आणि कडा करपतात. घरच्या शेगडीवर तेच पाणी साचतं नि नूडल्स शिजून लगदा होतो. याच कढईत पडणाऱ्या अजिनोमोटोला नाकं मुरडणाऱ्यांना सांगायला हवं की त्यातलं ग्लुटामेट पिकल्या टोमॅटोतही असतं. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेडा यांनी १९०८ साली ते समुद्री शेवाळाच्या सारातून वेगळं काढलं.

आता जिभेची आग. मिरचीतलं कॅप्सायसिन जिभेवरच्या ज्या ग्राहीला चिकटतं, तो मुळात उष्णता ओळखण्यासाठी असतो. साधारण ४३ अंशांच्या पुढे तो मेंदूला ‘भाजलं’ असं कळवतो. हा ग्राही शोधणारे डेव्हिड ज्युलियस २०२१च्या नोबेलचे मानकरी ठरले. म्हणजे वाफाळत्या शेजवानची दुहेरी फसवणूक असते: खरी उष्णता आणि मिरची एकच घंटा वाजवतात. पार्सल घरी नेऊन खाल्लं की ते कमी झणझणीत लागतं, याचं एक कारण हेच. आग झाल्यावर पाणी पिणं व्यर्थ, कॅप्सायसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा ताक प्यावं. गाडीवर ते मिळत नाही. शेजारच्या डेअरीत मिळतं.

खरी काळजी मिरचीची नाही, रंगाची करावी. फेब्रुवारी २०२४मध्ये गोव्यात म्हापसा नगरपालिकेने गोबी मंचुरियनच्या गाड्यांवर बंदी घातली, मार्चमध्ये कर्नाटकाने त्यातल्या कृत्रिम रंगावर. बंदीपेक्षा मला साधा उपाय पटतो. ब्याडगी मिरचीला तिखटपणा बेताचा पण रंग गडद; जाळासाठी सोबत थोडी लवंगी घातली की झालं. सॉसची तांबूस छटा दिव्याखाली भडक केशरी दिसत असेल, बोटं चाटून पुसल्यावरही त्यांचा रंग जात नसेल, तर समजावं की रंग घातलाय.

गाडीवाला तुमच्यासमोरच शिजवतो, ही सोय मोठ्या हॉटेलात नाही. तेव्हा ‘तिखट जरा जास्त’ म्हणताना आणखी दोन शब्द जोडा: ‘रंग नको.’ दहा गिऱ्हाइकं रोज असं म्हणाली, तर गाडीवाला रंगाची डबी आणायची बंद करील.