ट्रकचालकाची झोप कोणाच्या हिशेबात?

भंडारा–तुमसर रस्त्यावरच्या मोहाडी तालुक्यात अवजड वाहनांची ये-जा नेहमीचीच. वरठीचा पोलाद कारखाना, शेजारच्या तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी, भातगिरण्या, वैनगंगेची रेती, या सगळ्यांचा माल कुणाला तरी वाहावा लागतो. अपघात झाला की नोंद होते ती अतिवेगाची किंवा चालकाच्या निष्काळजीपणाची. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, आणि सरकारी अहवालाने त्यांतले सुमारे ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या नावावर टाकले. ही नोंद खोटी नाही. पण ती शेवटच्या काही सेकंदांची आहे. चाकामागचा माणूस त्याआधी किती तास जागा होता, हे तीत सापडत नाही, आणि अवजड वाहनांच्या बाबतीत माझ्या मते पहिला प्रश्न तोच असायला हवा.

दारू तपासायला यंत्र आहे. झोप तपासायला रस्त्यावर काहीच नाही. सलग सतरा तास जागे राहिल्यावर माणसाची प्रतिक्रिया मंदावते ती रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्याइतकी, असे प्रयोगांत दिसले आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबही न प्यायलेला चालक मर्यादेबाहेरच्या अवस्थेत गाडी हाकत असू शकतो. ताशी साठच्या वेगात चार सेकंद डोळा लागला, तर ट्रक पासष्ट मीटरहून जास्त अंतर कुणाच्याही ताब्यात नसताना कापतो. पहाटे दोन ते पाच ही शरीराची सर्वांत सुस्त वेळ, आणि रात्रभर गाडी चालवणाऱ्याला झोप काढायची ती विदर्भाच्या मे महिन्यातल्या दुपारी, तापलेल्या केबिनमध्ये. नव्या ट्रकना २०२५ पासून वातानुकूलित केबिन सक्तीची झाली हे चांगलेच झाले, पण जुन्या गाड्या अजून वर्षानुवर्षे धावतील. त्यात वाढलेले वजन आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार जडला, तर आठ तास पडूनही झोप पुरी होत नाही. अमेरिकेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात या विकारावर उपचार न घेणाऱ्या ट्रकचालकांचे टाळता येण्याजोगे गंभीर अपघात पाचपट आढळले. आपल्याकडे परवान्याच्या वैद्यकीय दाखल्यात दृष्टी, रंगज्ञान, श्रवण पाहतात; घोरण्याबद्दल कोणी विचारत नाही.

यावर कोणी म्हणेल, झोप येते हे चालकाला कळते ना, मग त्याने थांबावे. नाही थांबला तर शिक्षा भोगावी. जबाबदारी त्याचीही आहे, हे मी नाकारत नाही. पण मजुरी फेरीवर ठरलेली, लोडिंगसाठी फाटकाबाहेर गेलेले तास बिनपैशाचे, आणि थांबणाऱ्याच्या जागी दुसरा चालक तयार. अशा व्यवहारात थांबण्याची किंमत एकटा चालक मोजतो. अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद देणाऱ्या तरतुदीवरून जानेवारी २०२४ मध्ये चालकांनी संप केला, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, आणि ती तरतूद लागू करणे सरकारने लांबणीवर टाकले. त्या सगळ्या गदारोळात कामाच्या तासांची चर्चा जवळपास झालीच नाही. खरे तर १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि पाच तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती ठरवून दिली होती. पण तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायांना. एक-दोन गाड्यांचा मालक त्याबाहेरच राहिला.

दुसरा आक्षेप पैशाचा: तास मोजले तर भाडे वाढेल. वाढेल, थोडे. पण मालवाहतुकीचे ई-वे बिल साधारण मालासाठी दर दोनशे किलोमीटरला एक दिवसाची मुदत देते. उलट, सेव्हलाइफ फाउंडेशनच्या २०२० च्या पाहणीतले ट्रकचालक रोज सरासरी बारा तास चारशेहून अधिक किलोमीटर गाडी चालवत होते, आणि सुमारे निम्म्यांनी थकलेले किंवा पेंगुळलेले असतानाही गाडी चालवत असल्याचे सांगितले. कागदावर वेळ आहे. तो चालकापर्यंत पोहोचत नाही. युरोपात साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबणे बंधनकारक आहे आणि ट्रकमधले यंत्र ते नोंदवते. इथे फास्टॅगच्या नोंदींवरून निदान टोल असलेल्या महामार्गांवर ट्रक किती वेळ धावतो आहे याचा अंदाज आजही बांधता येतो. टोल नसलेल्या तालुक्याच्या रस्त्यांसाठी कारखान्याच्या आणि गिरणीच्या फाटकावर आगमन-प्रस्थानाची वेळ लिहून ठेवावी, ताटकळण्याचे पैसे द्यावेत, पंखा आणि पाणी असलेली विश्रांतीची शेड बांधावी. आणि अपघाताच्या तपासात चालकाच्या मागच्या चोवीस तासांचा हिशेब माल पाठवणाऱ्याकडे आणि गाडीच्या मालकाकडेही मागावा.