फराळाचा डबा आणि कोर्टाचा हुकूम

भांडण झाले म्हणजे एकमेकांचे तोंड न पाहण्याची शपथ घ्यावी आणि दिवाळी आली म्हणजे ती मोडावी, ही आम्हा सदाशिव पेठेतल्या लोकांची जुनी रीत. पण तोंड न दाखवण्याचा हुकूम खुद्द कोर्टाने दिला असेल तर? गेल्या धनत्रयोदशीला शेजारच्या काकू पितळी डबा घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा हा प्रश्न माझ्यापुढे आला.

"चकल्या आहेत अन् चार अनारसे. कोथरूडला त्याला नेऊन देशील?"

'त्याला' म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलाला. जागेच्या कागदांवर सही करीत नाहीत म्हणून दोन वर्षांपूर्वी त्याने काकूंना ढकलले आणि त्यांचे मनगट मोडले. त्याआधी वर्षभर भिंतीपलीकडचा आरडाओरडा आम्ही ऐकत होतो. "मुलगाच आहे, सांभाळून घ्या," असे मीच त्यांना एकदा सांगितले होते. लिहिताना लाज वाटते. पण लिहिले पाहिजे.

घरातल्या छळापासून स्त्रियांना संरक्षण देणारा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. तो फक्त सुनांसाठी आहे, अशी पुष्कळांची समजूत आहे. तसे नाही. मुलाविरुद्ध आईलाही दाद मागता येते. मुंबईच्या हरसोरा कुटुंबात आई आणि मुलीनेच मुलाविरुद्ध व सुनेविरुद्ध तक्रार केली होती. ते प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि २०१६ साली कोर्टाने प्रतिवादीच्या व्याख्येतले 'सज्ञान पुरुष' हे शब्द रद्द केले. म्हणजे घरातल्या स्त्रीविरुद्धही दाद मागता येऊ लागली.

काकूंना शिवाजीनगरच्या मॅजिस्ट्रेटकडून हुकूम मिळाला. मुलाने घरी यायचे नाही, भेटायचे नाही, चिठ्ठी नाही, फोन नाही, मोबाइलवरचा निरोपही नाही. हुकूम मोडला तर एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मग हा डबा? माझी भाची वकिली करते, तिला फोन केला.

"मामा, हुकूम त्याच्यावर आहे, काकूंवर नाही. त्यांनी डबा पाठवला तर गुन्हा नाही. पण तो डबा पाहून पाया पडायला आला, तर हुकूम मोडलाच. आईचा डबा आला होता, या सबबीवर विसंबू नये. अन् तुमच्या तोंडून निरोप धाडला, तर तोही संपर्कच धरतील."

"म्हणजे आता जन्मभर असंच?"

"कोण म्हणतं? काकू अर्ज करून हुकूम उठवून घेऊ शकतात. परिस्थिती बदलली असेल तर फेरफारासाठी तोही अर्ज करू शकतो. पण तो कोर्टात. जिन्यावर उभं राहून नाही."

"आईला मुलावर कोर्टात जावं लागावं!" म्हणून हळहळणारे नातेवाईक आमच्या वाड्यात आजही येतात. पूर्वी असल्या गोष्टींचा निकाल काका-मामा देत आणि बहुधा दार ठोठावणाऱ्याच्या बाजूने देत. मार खाणारीला 'नको' म्हणायची सोय नव्हती. आता आहे, आणि दार पुन्हा उघडायचे की नाही हे मॅजिस्ट्रेटला सांगायला पहिल्यांदा तिलाच विचारतात. मला तर हे बरे वाटते.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी कोथरूडला गेलो. दार त्यानेच उघडले. झाकणावर आजोबांचे नाव कोरलेले. डबा ओळखायला त्याला वेळ लागला नाही. काही न बोलता तो आत गेला आणि डबा रिकामा करून घेऊन आला. हातात घेतला तर जड लागला. उघडून पाहतो तो तळाशी वाटीभर साखर.

"रिकामा डबा परत देऊ नये," तो म्हणाला, "आईच सांगायची."

मी त्याला भाचीचे म्हणणे सांगितले. तो जरा वेळ उभा राहिला, मग आत जाऊन साखर काढून आला. डबा पुसूनही आणला होता.

काकूंनी झाकण उघडून पाहिले. "रिकामाच दिला?"

"साखर घातली होती. मीच काढायला लावली."

"कुणी घातली होती? सूनबाईनं?"

"नाही, त्यानंच."

त्या डबा घेऊन आत गेल्या. मी निरोप पोहोचवलाच होता, हे माझ्या लक्षात आले ते जिना उतरताना.