चालतो म्हणजे सुरक्षित नव्हे

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. गावात काय किंवा मुंबईत काय, घरचा संगणक त्यानंतरही पूर्वीसारखाच सुरू होतो. म्हणून ‘चालतोय ना, मग कशाला बदलायचं?’ हा प्रश्न रास्त वाटतो. पण बंद झाल्या आहेत त्या सुरक्षेच्या दुरुस्त्या, आणि त्यांची उणीव पडद्यावर दिसत नाही. जून २०१७ मध्ये ‘नॉटपेट्या’ या सायबर हल्ल्याने न्हावा-शेवा इथल्या जेएनपीटी बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत केले. त्या हल्ल्यात वापरलेल्या विंडोजमधील त्रुटीवरची दुरुस्ती त्याच वर्षी मार्चमध्येच आली होती. दुरुस्ती उपलब्ध असताना ही गत, तर ती मिळतच नसलेल्या यंत्रावरून बँकेचे व्यवहार करणे अधिकच धोक्याचे. अँटीव्हायरस मदत करतो, पण प्रणालीतले भगदाड बुजवत नाही.

म्हणून लगेच नवा संगणक घ्यायलाच हवा, असे नाही. पुढच्या आवृत्तीला, म्हणजे विंडोज ११ ला, किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षा सुविधा लागते, शिवाय बरेच जुने प्रोसेसर तिला चालत नाहीत. यंत्र पात्र असेल तर कागदपत्रे-फोटोंची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन मोफत अपग्रेड करावे. पात्र नसेल तर मायक्रोसॉफ्टची मर्यादित काळाची वाढीव सुरक्षा योजना किंवा मोफत लिनक्स हे पर्याय आहेत. लिनक्स अवघड, असा आक्षेप येतो. पण ब्राउझर, मराठी टायपिंग आणि पत्रलेखन त्यावर सहज जमते. फक्त प्रिंटर आणि टॅलीसारखी गरजेची सॉफ्टवेअर आधी तपासावीत. पर्याय कोणताही निवडा, दुरुस्त्या मिळत राहणे ही पहिली अट ठेवा.