बांधीचं तोंड

धान निसवू लागला की नागभीड, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या बांध्यांत पाठीवरचे पंप सुरू होतात. बुंध्याशी बसलेले तुडतुडे उभं पीक जाळल्यासारखं करतात, म्हणून फवारणी लांबवता येत नाही. पाऊस मात्र अजून गेलेला नसतो. दुपारी फवारलं आणि रात्री सर आली, तर पाणी धुऱ्यावरून खालच्या बांधीत, तिथून बोडीत, म्हणजे शेतातल्या छोट्या तळ्यात, बोडी भरली की तलावात.

चंद्रपूर-गडचिरोलीतले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, बांधलेच असे की उतारावरचा थेंब वाया जाऊ नये. १९५१मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले. वरच्या अंगाला जंगल असतं तिथे येव्यासोबत पालापाचोळा येतो. शेती असते तिथे औषधही येतं. (विषाला आपण औषधच म्हणतो.) पाणी अडवण्याची जुनी हुशारी त्यालाही अडवून ठेवते.

सगळी औषधं सारखी वाहत नाहीत. क्लोरपायरीफॉस मातीला धरून राहतं, गढूळ पाण्यातून येऊन गाळात बसतं. इमिडाक्लोप्रिड पाण्यात विरघळतं. पाणी निवळ दिसलं तरी ते त्यात असू शकतं. धानाला त्याचा हेक्टरी साधारण २० ग्रॅम मूळ घटक पडतो. त्याचा शंभरावा हिस्सा, २०० मिलिग्रॅम, वाहून गेला असं धरू. क्रिस्टी मॉरिसी आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये पाण्यातल्या किड्यांसाठी इमिडाक्लोप्रिडच्या गटातल्या औषधांची अल्पकालीन मर्यादा सुचवली ती लिटरला ०.२ मायक्रोग्रॅम. म्हणजे तेवढ्यानं १० लाख लिटर पाणी त्या रेषेवर जातं. मोठ्या तलावाला हे किरकोळ. पण पाणलोटात एकच हेक्टर थोडंच असतं? छोट्या बोडीचं तर विचारूच नका.

मासे तरंगले की गाव जमतं. पण इमिडाक्लोप्रिडचा मार आधी बसतो तो अळ्या-किड्यांवर, आणि मासोळीच्या पिल्लांचं खाणं तेच. मासेमार ढिवरांच्या सोसायटीनं बीज सोडलेलं असतं. मासा का वाढला नाही, याचा पंचनामा होत नाही.

औषध नाल्यानंच येतं असंही नाही. काही औषधं वाफ होऊन वर जातात, पावसासोबत दूर कुठे उतरतात. २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातलेलं एंडोसल्फान शेती नसलेल्या आर्क्टिकमध्येही सापडलं. तिथे आपल्या शेतकऱ्याचं काही चालत नाही.

बांधीत चालतं. तुडतुड्यांसाठी पाणी काढून टाकायचा सल्ला असतो, तो योग्यच आहे. पण पाणी आधी काढायचं, मग फवारायचं आणि लगेच बांधीचं तोंड मातीनं बुजवायचं. फवारून झाल्यावर पाणी सोडलं, तर पंपातलं औषध आपण हातानंच तलावाकडे धाडलेलं असतं.